सांडपाणी प्रक्रियेत एरेशनची वीज कमी करण्याचा क्रम: मोजणीपासून ब्लोअरपर्यंत

सक्रिय गाळ पद्धतीवर, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीवर चालणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात एकूण विजेपैकी साधारण ५० ते ६० टक्के, आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक वीज एकट्या एरेशनवर, म्हणजे टाकीतल्या पाण्यात हवा सोडण्यावर खर्च होते. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथे ही पद्धत मांडली. तेव्हापासून यंत्रे कितीतरी बदलली, पण सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंना ऑक्सिजन पुरवायचा हा तिचा गाभा तोच राहिला आहे. त्यामुळे वीज वाचवायची म्हटली की प्रथम एरेशनकडे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र बहुतेक ठिकाणी विचाराची सुरुवात नव्या ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या, खरेदीपासून होते, आणि हा क्रम मला चुकीचा वाटतो. प्रक्रियेला खरोखर किती ऑक्सिजन लागतो, सोडलेल्या हवेतला किती पाण्यात विरघळतो आणि ती हवा किती दाबाने ढकलावी लागते, हे तीन प्रश्न सुटण्याआधी घेतलेला ब्लोअर चुकीच्या मागणीसाठी निवडलेला असतो, आणि ती चूक पुढची पंधरा-वीस वर्षे वीजबिलात दिसत राहते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये ब्लोअर मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

पहिली पायरी: वीज, हवा आणि दाब वेगवेगळे मोजा

महिन्याच्या एकत्रित बिलावरून एरेशनबद्दल काहीही निश्चित सांगता येत नाही. प्रत्येक ब्लोअरला, किंवा निदान ब्लोअरच्या पूर्ण गटाला, स्वतंत्र ऊर्जामापक बसवावा. मुख्य हवावाहिनीवर, म्हणजे हेडरवर, प्रवाहमापक आणि दाबमापक असावा, आणि शक्य असल्यास प्रत्येक टाकीकडे जाणाऱ्या शाखेवरही प्रवाहमापक असावा. टाकीतील विरघळलेला ऑक्सिजन, ज्याला रोजच्या कामात डीओ म्हटले जाते, तो एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. हातातला मीटर घेऊन टाकीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, विशेषतः पहाटे, नोंदी घ्याव्यात. पहाटे येणारा भार सर्वांत कमी असतो आणि हवा वाया जात असेल तर ती त्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसते. त्याच २४ तासांत टाकीत येणाऱ्या सांडपाण्याचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन बीओडी (सेंद्रिय घाण संपवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून मोजलेला सेंद्रिय भार) आणि अमोनियाचा भार कसा वरखाली होतो, हेही पाहावे.

तुलनेसाठी कोणता निर्देशांक धरावा, याचा निर्णय येथेच घ्यावा. प्रति घनमीटर किती युनिट वीज लागली, हा आकडा सोपा असला तरी फसवा आहे, कारण पावसाचे किंवा झिरपणारे पाणी मिसळले की घनमीटर वाढतात, प्रदूषणाचा भार मात्र तेवढाच राहतो, आणि काहीही न करता कार्यक्षमता सुधारल्याचा भास होतो. त्याऐवजी काढून टाकलेल्या बीओडीच्या प्रति किलोमागे, किंवा त्याहून चांगले म्हणजे ऑक्सिजनच्या गणिती मागणीच्या प्रति किलोमागे किती युनिट लागले, हा आकडा ठेवावा.

दुसरी पायरी: ऑक्सिजनची मागणी कागदावर मांडा

मागणीचे गणित अवघड नाही. सेंद्रिय भार काढताना प्रति किलो बीओडीमागे साधारण १ किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो, आणि गाळाचे वय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस प्रक्रियेत राहतो ते स्लज एज, जितके जास्त तितका हा आकडा वाढतो, कारण जिवाणू स्वतःचेच पेशीद्रव्य जाळू लागतात. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्यासाठी, म्हणजे नायट्रिफिकेशनसाठी, प्रति किलो अमोनिया-नायट्रोजनमागे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. त्या नायट्रेटचे पुढे डिनायट्रिफिकेशन करून नायट्रोजन वायूत रूपांतर केले, तर प्रति किलो नायट्रेट-नायट्रोजनमागे २.८६ किलो ऑक्सिजनइतकी मागणी परत मिळते, कारण तेथे जिवाणू हवेतील ऑक्सिजनऐवजी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून सेंद्रिय भार संपवतात.

समजा, एका प्रकल्पात दिवसाला १०,००० घनमीटर सांडपाणी येते, एरेशन टाकीत प्रति लिटर १४० मिलिग्रॅम बीओडी काढला जातो आणि प्रति लिटर ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रिफिकेशन होते. बीओडीसाठी १.१ हा गुणक धरला तर १,४०० किलो बीओडीला १,५४० किलो आणि ३०० किलो नायट्रोजनला १,३७१ किलो, अशी एकूण २,९११ किलो ऑक्सिजनची मागणी येते. तयार झालेल्या नायट्रेट-नायट्रोजनपैकी २०० किलोचे डिनायट्रिफिकेशन केले, तर ५७२ किलो, म्हणजे जवळजवळ २० टक्के मागणी कमी होते. एकही यंत्र अधिक कार्यक्षम न करता मिळणारी ही बचत आहे.

म्हणूनच ज्या प्रकल्पात नायट्रिफिकेशन होतच आहे, तेथे एरेशन टाकीच्या सुरुवातीचा भाग हवा बंद करून, फक्त मिक्सरने ढवळत ठेवून, अ‍ॅनॉक्सिक, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन नाही पण नायट्रेट आहे असा, करण्याचा विचार सर्वांत आधी व्हावा. टाकीच्या शेवटातून नायट्रेटयुक्त मिश्रण पंपाने या भागात परत आणावे लागते, पण पंपाला ते फारच कमी उंचीवर चढवावे लागत असल्याने त्याची वीज वाचलेल्या हवेच्या मानाने थोडी असते. या बदलाचे आणखी तीन फायदे आहेत. नायट्रिफिकेशनमध्ये प्रति मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता, कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात मोजलेली, खर्च होते आणि डिनायट्रिफिकेशनमध्ये तिच्यापैकी निम्मी परत मिळते, त्यामुळे सामू घसरण्याचा धोका कमी होतो. सहज विघटन होणारा सेंद्रिय भार याच भागात वापरला गेल्याने तंतुमय जिवाणूंची वाढ आवरली जाते आणि गाळ चांगला बसतो. तिसरा फायदा हवेच्या विरघळण्याशी संबंधित आहे आणि तो पाचव्या पायरीत येईल. एक पथ्य मात्र पाळावे लागते: अ‍ॅनॉक्सिक भाग वेगळा काढल्यावर उरलेल्या हवेशीर भागात नायट्रिफिकेशन करणाऱ्या जिवाणूंना पुरेसे स्लज एज मिळते का, हे सर्वांत थंड काळातील तापमान धरून तपासावे.

मागणी कमी करण्याचा दुसरा मार्ग प्राथमिक निवळण टाकीतून जातो. ती नीट चालत असेल तर साधारण २५ ते ४० टक्के बीओडी हवेशिवायच वेगळा होतो. तिच्यातील गाळ वेळेवर न काढल्यास तो कुजतो, त्यातील सेंद्रिय भार पुन्हा पाण्यात विरघळतो आणि हवेची मागणी वाढवतो, म्हणून गाळ काढण्याचे वेळापत्रक हा वीजबचतीचाच भाग समजावा. पाचित, म्हणजे हवेविना कुजवून स्थिर केलेला, गाळ पिळून निघणाऱ्या पाण्यातही अमोनिया भरपूर असतो. ते दिवसाच्या सर्वोच्च भाराच्या वेळी एकदम परत सोडण्याऐवजी साठवून रात्री हळूहळू सोडले, तर ब्लोअरला शिखर गाठावे लागत नाही.

तिसरी पायरी: किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्त्या

ब्लोअरच्या शोषण बाजूचे फिल्टर स्वच्छ ठेवावेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंमधील दाबफरक नोंदवावा. ब्लोअर खोलीतली तापलेली हवा न घेता बाहेरची, सावलीतली हवा घ्यावी, कारण आत येणारी हवा ३ अंश सेल्सिअसने तापली की तेवढ्याच वजनाच्या हवेसाठी साधारण १ टक्का अधिक वीज लागते. हवावाहिनीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. टाकीच्या पृष्ठभागावर एखाद्या ठिकाणी पाणी उकळल्यासारखे उसळत असेल, तर खाली डिफ्यूझर (तळाशी बसवलेले, हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र साधन) फाटला आहे किंवा नळी निखळली आहे, असे समजावे. तेथून निघणारे मोठे बुडबुडे जवळजवळ काहीही ऑक्सिजन न देता निघून जातात.

या पायरीतील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डीओ सेन्सर. सेन्सरच्या टोकावर जिवाणूंचा बुळबुळीत थर साचला की तो थरच तेथला ऑक्सिजन खातो, सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो आणि स्वयंचलित नियंत्रण त्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून हवा वाढवत राहते. पडद्यावर प्रति लिटर २ मिलिग्रॅम दिसत असताना टाकीत ३.५ असू शकतो. म्हणून सेन्सर ठरावीक दिवशी पुसावा, ओलसर हवेत धरून तो संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या ऑक्सिजनच्या पातळीच्या, १०० टक्क्यांच्या जवळ येतो का ते पाहावे आणि हातातल्या मीटरशी ताळा घ्यावा. ही कामे ज्याच्याकडे सोपवली आहेत त्याचे नाव लॉगबुकात असावे.

चौथी पायरी: डीओचे उद्दिष्ट विचारपूर्वक खाली आणा

ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने विरघळतो, हे संपृक्त पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांतील फरकावर ठरते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानात स्वच्छ पाण्याची संपृक्तता प्रति लिटर ९.१ मिलिग्रॅम असते. ढोबळमानाने ९ धरले, तर टाकीत २ मिलिग्रॅम डीओ असताना हा फरक ७ असतो आणि ४ मिलिग्रॅम असताना केवळ ५. म्हणजे तोच ऑक्सिजन पोहोचवण्यासाठी दुसऱ्या स्थितीत ७ भागिले ५, अर्थात ४० टक्के अधिक हवा लागते. खोल टाकीत दाबामुळे प्रत्यक्ष संपृक्तता थोडी अधिक असते, त्यामुळे ही ४० टक्क्यांची वाढ किंचित कमी होते. उलट पाणी ३० अंशांवर गेले तर संपृक्तता सुमारे ७.६ वर येते आणि जादा डीओची किंमत आणखी वाढते. ४ मिलिग्रॅम डीओ ठेवल्याने सुरक्षितता वाढते, ही समजूत अनेक ठिकाणी रुजलेली आहे, पण बहुतेक प्रकल्पांत २ च्या वर नेल्याने प्रक्रियेत लक्षणीय सुधारणा होत नाही, वीज मात्र जाते.

उद्दिष्ट एकदम खाली आणू नये. ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी ते कमी करावे आणि प्रत्येक टप्प्यानंतर निदान एक स्लज एज इतका काळ थांबून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया, गाळाचा बसण्याचा निर्देशांक आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतुमय जिवाणूंचे प्रमाण पाहावे. केवळ बीओडी काढणाऱ्या प्रकल्पात १ ते १.५ मिलिग्रॅम पुरेसे ठरू शकते. नायट्रिफिकेशन असलेल्या प्रकल्पात १.५ ते २ पासून सुरुवात करून अमोनियाच्या आकड्यांनी परवानगी दिली तरच खाली जावे. ऑक्सिजन कमी पडल्याची किंवा सारखा वरखाली होत असल्याची आणखी एक किंमत असते: अशा स्थितीत नायट्रस ऑक्साइड अधिक तयार होऊ शकतो. हा वायू १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. त्यामुळे थोडी वीज वाचवताना हवामानाचे त्याहून मोठे नुकसान होणे शक्य आहे. अमोनिया आणि नायट्रेट यांमधला टप्पा असलेले नायट्राइट साचू लागले, तर उद्दिष्ट जास्त खाली आणल्याची ती खूण समजून मागे यावे.

पाचवी पायरी: डिफ्यूझरची स्थिती तपासा

सूक्ष्म बुडबुड्यांचे डिफ्यूझर स्वच्छ पाण्यात खोलीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण ६ टक्के ऑक्सिजन विरघळवतात, मोठ्या बुडबुड्यांचे डिफ्यूझर त्याच्या निम्म्याहूनही कमी. प्रत्यक्ष सांडपाण्यात मात्र साबण आणि डिटर्जंटमधील पृष्ठसक्रिय द्रव्ये बुडबुड्यांभोवती थर धरतात आणि विरघळण्याचा वेग घटतो. स्वच्छ पाण्याच्या तुलनेतील या प्रमाणाला अल्फा म्हणतात आणि सूक्ष्म बुडबुड्यांसाठी तो साधारण ०.३ ते ०.७ च्या दरम्यान असतो. स्वच्छ पाण्यात २८ टक्के देणारी यंत्रणा अल्फा ०.५ असताना, डीओ आणि इतर घटकांचा परिणाम धरून, जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास देते. विक्रेत्याचे आकडे स्वच्छ पाण्याचे आहेत की सांडपाण्याचे, हे म्हणूनच प्रत्येक वेळी विचारावे.

टाकीच्या सुरुवातीला अल्फा सर्वांत कमी असतो आणि जसजशी प्रक्रिया पुढे जाते तसतसा तो सुधारतो. वर उल्लेख केलेला तिसरा फायदा हाच: अ‍ॅनॉक्सिक भागात ही द्रव्ये बऱ्याच प्रमाणात शोषली किंवा विघटित केली जातात आणि पुढच्या हवेशीर भागाला चांगला अल्फा मिळतो. दीर्घ स्लज एज असलेल्या प्रकल्पांतही अल्फा सुधारलेला आढळतो. वीज वाचवण्यासाठी स्लज एज कमी करा, असा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला याच कारणाने अर्धवट वाटतो. मागणीत वाचलेले अल्फामध्ये गमावले जाऊ शकते.

डिफ्यूझरचा दुसरा प्रश्न दाबाचा आहे. छिद्रांवर जैविक थर आणि क्षार साचतात, रबरी पडदे कडक होतात, आणि त्याच प्रवाहासाठी हेडरमधील दाब हळूहळू चढतो. ५ मीटर पाण्याचा स्थिर दाब ४९ किलोपास्कल असतो. वाहिनी, झडपा आणि डिफ्यूझरचा रोध धरून एकूण ६० किलोपास्कल असेल आणि तो ७० वर गेला, तर हवा तेवढीच राहूनही संकोचनाची वीज सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. म्हणून महिन्यातून एकदा, पाण्याची पातळी आणि हवेचा प्रवाह सारखा ठेवून, हेडरचा दाब नोंदवावा आणि त्याचा आलेख ठेवावा. वाढ दिसू लागली की प्रथम उत्पादकाच्या मर्यादेत राहून थोडा वेळ हवा वाढवून पडदे ताणावेत. तेवढ्याने भागले नाही, तर टाकी रिकामी करून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावे, आणि क्षारांचा थर असेल तर आम्ल वापरावे. टाकीत उतरण्यापूर्वी विषारी वायू आणि ऑक्सिजनची तपासणी, बाहेर उभा असलेला साथीदार आणि सुटकेची साधने या गोष्टींबाबत कोणतीही सवलत घेऊ नये.

सहावी पायरी: हवा योग्य जागी वाटा

लांब टाकीत मागणी सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी असते, तरी अनेक टाक्यांत डिफ्यूझर सर्वत्र सारख्या दाटीने बसवलेले असतात. परिणामी सुरुवातीला डीओ शून्याजवळ आणि शेवटी ५ असे चित्र दिसते. पुढच्या वेळी पडदे बदलताना सुरुवातीला दाटी वाढवावी आणि शेवटी कमी करावी. तोपर्यंत शाखांच्या झडपांनी समतोल साधावा. शेवटच्या भागात हवा कमी करताना ढवळण्याची किमान गरज मात्र सांभाळावी लागते. तळभर पसरलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या रचनेत ती दर चौरस मीटरला ताशी साधारण २.२ घनमीटर धरतात. एखाद्या भागात ऑक्सिजनसाठी नव्हे तर केवळ गाळ तरंगता ठेवण्यासाठी हवा जात असेल, तर तेथे मिक्सर बसवणे स्वस्त पडते.

सातवी पायरी: नियंत्रण

मोजमाप विश्वासार्ह झाल्यावरच स्वयंचलित नियंत्रणाकडे वळावे. पहिला टप्पा म्हणजे प्रत्येक भागाचा डीओ पाहून त्याची झडप हलवणे. येथे हेडरचा दाब कायम उंच ठेवला, तर सर्व झडपा अर्धवट मिटलेल्या राहतात आणि ब्लोअर त्यांच्याविरुद्ध हवा ढकलत बसतो. सर्वांत जास्त उघडी झडप जवळजवळ पूर्ण उघडी राहील इतका दाब खाली आणत जाणारी पद्धत म्हणून अधिक चांगली. पुढचा टप्पा अमोनियावर आधारित नियंत्रणाचा आहे: शेवटच्या भागातील अमोनिया मोजून डीओचे उद्दिष्टच वरखाली केले जाते, म्हणजे रात्री भार कमी झाला की हवा आपोआप उतरते. यासाठी अमोनियाच्या सेन्सरची नियमित देखभाल करणारा माणूस हवा. तो नसेल तर साधे डीओ नियंत्रण अधिक भरवशाचे.

आठवी पायरी: आता ब्लोअर

आतापर्यंतच्या पायऱ्यांनंतर हवेची मागणी आणि दाब दोन्ही उतरलेले असतात. नवीन गरज दिवसाच्या तासांनुसार मांडावी: किमान, सरासरी आणि कमाल प्रवाह, आणि प्रत्येकाचे तास. बहुतेक जुने प्रकल्प भविष्यातील भार धरून आखलेले असतात, त्यामुळे एकच मोठा ब्लोअर किमान वेगावरही रात्रीच्या गरजेपेक्षा जास्त हवा देतो. अशा ठिकाणी दुसरा मोठा ब्लोअर घेण्यापेक्षा रात्रीसाठी एक लहान ब्लोअर घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवल्यास वेगाच्या घनाप्रमाणे वीज घटते, हे विधान एरेशन ब्लोअरला जसेच्या तसे लागू पडत नाही. ब्लोअरला भेदावा लागणारा बहुतेक दाब पाण्याच्या स्थिर खोलीचा असतो आणि तो वेग कमी केल्याने घटत नाही. लोब ब्लोअरमध्ये, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणाऱ्या ब्लोअरमध्ये, हवा २० टक्के घटवली तर वीजही साधारण २० टक्केच घटते. सेंट्रिफ्यूगल, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा फेकणाऱ्या, ब्लोअरचा वेग थोडाच उतरवता येतो, त्याखाली तो सर्जमध्ये जाऊन हवा उलट ढकलली जाते. लोब ब्लोअरची निर्गम झडप दाबून प्रवाह कमी करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. दाब आणि तापमान चढून यंत्रच धोक्यात येते. हायस्पीड टर्बो, स्क्रू किंवा मार्गदर्शक पात्यांचा सिंगल-स्टेज ब्लोअर यांपैकी निवडताना एकाच बिंदूवरील कार्यक्षमता न पाहता मोटर, ड्राइव्ह, फिल्टर आणि कूलिंग धरून संपूर्ण संचाची वीज, चार-पाच प्रवाहांवर आणि सर्वांत उष्ण, दमट दिवसाच्या हवेसाठी, लेखी हमीसह मागावी.

डिफ्यूझरऐवजी पृष्ठभागावरील एरेटर असतील, तर बुडण्याची खोली हाच मुख्य हात आहे. निर्गम बांधाची उंची थोडी कमी करून पाती कमी बुडवली की वीज आणि ऑक्सिजन दोन्ही घटतात. टायमर किंवा व्हीएफडी वापरतानाही तळाशी गाळ बसणार नाही इतका वेग राखावा.

बचत मोजताना बदलापूर्वीचा आणि नंतरचा किमान एकेक महिना, शक्यतो सारख्या पाण्याच्या तापमानाचा, घ्यावा आणि पहिल्या पायरीत ठरवलेला निर्देशांकच वापरावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने किती वाचले हे सांगता येत नाही. त्या दोन्ही महिन्यांतील बाहेर पडणाऱ्या पाण्याचे बीओडी, अमोनिया आणि निलंबित घनपदार्थांचे आकडे विजेच्या आकड्यांच्या शेजारीच लिहावेत, आणि ते बिघडले असतील तर वाचलेली वीज बचत म्हणून नोंदवू नये.